पीनट बटर सँडविचचं पेटंट

(दृश्य: कडा काढलेला गोल ब्रेड, वर पीनट बटरचा थर)

२१ डिसेंबर १९९९. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने चक्क एका सँडविचला पेटंट दिलं. खालच्या-वरच्या दोन्ही ब्रेडला आतून पीनट बटर, मधोमध जेली आणि कडा दाबून सगळीकडून बंद. पीनट बटरमुळे जेली ब्रेडमध्ये मुरत नाही, त्यामुळे डब्यातलं सँडविच दुपारपर्यंत भिजत नाही. युक्ती छानच आहे. पण तिला शोध म्हणायचं का?

पेटंट होतं स्मकर्स या जॅम-जेलीवाल्या बड्या कंपनीच्या हातात. तिने तसंच सँडविच विकणाऱ्या, मिशिगनमधल्या अल्बीज नावाच्या छोट्या कंपनीला नोटीस धाडली. अल्बीजने माघार घेतली नाही. प्रकरण कोर्टात गेलं, पेटंट फेरतपासणीला गेलं.

‘हे तर कुणालाही सुचेल’ म्हणणं सोपं आहे. पेटंट कार्यालयाच्या परीक्षकाला मात्र कागद दाखवावा लागतो: जुनं पेटंट, छापलेली पाककृती. शिवाय त्या जुन्या गोष्टी एकत्र करणं जाणकाराला का सुचलं असतं, हेही सांगावं लागतं. घरोघरी रोज होणारी गोष्ट कोण लिहून ठेवतं? घोडं पेंड खातं ते इथे.

खाद्यपदार्थांच्या अपिलांत लेव्हिन नावाच्या खटल्यातला १९४९ चा न्यायालयीन निकाल परीक्षकांच्या कामी येतो. नेहमीचे जिन्नस घातले किंवा वगळले, एवढ्याने शोध होत नाही. ते एकत्र आल्यावर काही नवं, अनपेक्षित आणि उपयोगी घडतं, हे अर्जदाराने सिद्ध करायचं. म्हणजे सर्वांत जवळचा जुना पदार्थ शेजारी ठेवून प्रयोगाचे आकडे द्यायचे.

(दृश्य: कड दाबणारा साचा)

स्मकर्सने याच सँडविचसाठी आणखी अर्ज केले होते. परीक्षकांनी ते नाकारले. म्हणाले, अशी कड रॅव्हिओलीला (सारण भरलेल्या इटालियन पास्त्याला) असते, ‘पाय’ या सारण भरून भाजलेल्या पदार्थालाही असते. करंजीवर कातण फिरवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. आमची दाबायची रीत निराळी, असं कंपनीचं म्हणणं.

एप्रिल २००५ मध्ये या नव्या अर्जांवर अपील न्यायालयात सुनावणी झाली. एक न्यायाधीश म्हणाले, माझी पत्नीही मुलाच्या सँडविचच्या कडा अशाच दाबते, आतलं बाहेर येऊ नये म्हणून. हा काही पुरावा नव्हे, पण बातम्यांत गाजलं ते हेच वाक्य! अपील फेटाळलं गेलं, तेही कारणमीमांसा न लिहिता.

२००७ मध्ये फेरतपासणीअंती मूळ पेटंटचे सगळे दावे, म्हणजे नेमका कशावर हक्क आहे हे सांगणारी कलमं, रद्द झाले. अनक्रस्टेबल्स या नावाने ते सँडविच अमेरिकेत आजही विकलं जातं.