गुब्बिओची माती आणि महाबळेश्वरचा दगड

मित्रहो, ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या महाविनाशाचा विषय निघाला की सगळ्यांना डायनासोर आठवतात. मला आज बोलायचं आहे ते त्याच काळी समुद्रात तरंगणाऱ्या फोरॅमिनिफेराबद्दल. हा एकपेशीय जीव स्वतःभोवती चुन्याचं कप्पेदार कवच बांधतो आणि मेल्यावर ते कवच तळाशी जाऊन गाळात रुततं. डायनासोरचं हाड सापडायला नशीब लागतं, ही कवचं मात्र मूठभर गाळात हजारोंनी मिळतात, तीही थरावर थर. एखादं घराणं कसं बदलत गेलं हे इतकं सलग वाचायला देणारा पुरावा फार क्वचित मिळतो, असं माझं ठाम मत आहे.

इटलीत गुब्बिओजवळच्या घळीत चुनखडीचे थर उघडे पडले आहेत. त्यांच्यामध्ये जेमतेम सेंटीमीटरभर मातीचा एक पट्टा आहे, तो त्याच महाविनाशाच्या वेळचा. १९६०च्या दशकात लुटरबाखर आणि इझाबेला प्रेमोली सिल्व्हा या जीवाश्म-अभ्यासकांनी इथले नमुने तपासले. दगडाची चकती उजेड आरपार जाईल इतकी पातळ घासायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची, ही पद्धत. मातीखालच्या चकतीत ग्लोबोट्रंकाना नावाचे फोरॅमिनिफेरा दिसतात, त्यांची कवचं भरदार, नक्षीदार, कडेला दुहेरी धार असलेल्या. वरच्या चकतीत त्यांचा मागमूस नाही. तिथे आहेत मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढी, साधीसुधी गोलसर कवचं. त्यांतल्या एका नव्या जातीला त्यांनी गावाच्या जुन्या नावावरून युगुबिना म्हटलं. याच मातीत पुढे इरिडियम हा पृथ्वीच्या कवचात दुर्मीळ, पण अशनींत जास्त असणारा धातू सापडला आणि १९८० साली अल्वारेझ पितापुत्र व सहकाऱ्यांनी अशनीच्या आघाताने हा विनाश झाला असा सिद्धांत मांडला, हे आपण जाणताच.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते वाचलं कोण, हे. खोल पाण्यातले, मोठे, एकाच प्रकारच्या राहणीला सरावलेले जीव गेले. ग्वेंबेलिट्रिया नावाची चिमुकली जात टिकली, कारण ती किनाऱ्याजवळच्या बेभरवशाच्या पाण्यातही तग धरणारी होती. उरलेल्या मोजक्या वंशांतून नवी घराणी फुटली. काहींच्या कवचांना बारीक काटे आले. आजही समुद्रात काटेरी फोरॅमिनिफेरा आहेत.

आता आपल्या दगडाकडे येऊ. आंध्रात राजमहेंद्रीजवळच्या खाणींत बेसॉल्टचे, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या दगडाचे, प्रवाह एकावर एक आहेत. रासायनिक घडणीवरून खालचा प्रवाह आपल्या सह्याद्रीतल्या आंबेनळीच्या थराशी जुळतो, वरचा महाबळेश्वरच्या. म्हणजे सह्याद्रीकडचा लाव्हा थेट पूर्व किनाऱ्यापर्यंत गेला होता! या दोन प्रवाहांच्या मधे समुद्राच्या गाळाचा थर अडकला आहे. जीवाश्म-अभ्यासक गेर्टा केलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्यात विनाशानंतर जन्मलेल्या जातींची कवचं मिळाली. त्यांचा निबंध २००८चा. गाळ विनाशानंतरचा, म्हणून त्याच्यावर पसरलेला लाव्हाही त्यानंतरचाच. डायनासोर संपल्यावरही दख्खनचे ज्वालामुखी धगधगत होते, याची साक्ष नुसत्या डोळ्यांना धड न दिसणाऱ्या या कवचांनी दिली.