थंडीतली गारपीट आणि टिनावरच्या विटा

नमस्कार मंडळी. सकाळी स्वेटर घालून चहा प्यायला बसलो न, तर बायको म्हणते कूलर अजून खिडकीतच लटकून आहे, काढणार कधी, मे महिन्यात? आता हा संवाद आज नागपुरात फक्त आमच्याच घरी झाला असेल असं काही मला वाटत नाही. निम्म्या खिडक्यांत कूलर तसेच असतात डिसेंबरपर्यंत, ताट्यांसकट, आणि त्या ताट्यांत उंदरानं संसार थाटलेला असतो.

तर आज बोलायचंय हिवाळी वादळाबद्दल. हसू नका. नागपुरात कुठलं आलं हिवाळी वादळ, असं म्हणणाऱ्यांनी २०१८ आठवावं. त्या फेब्रुवारीत विदर्भ-मराठवाड्यात गारपीट झाली, आणि त्याच वर्षी २९ डिसेंबरला नागपूरचा पारा ३.५ अंशावर गेला, ज्या गावात मे २०१३ मध्ये ४७.९ झाला होता त्याच गावात. आपलं घर बांधलेलं असतं त्या ४७.९ साठी. हवा खेळली पाहिजे, खिडक्या मोठ्या, वर टिनाचं शेड, कूलरसाठी भिंतीत भोक. थंडी आणि गारा आल्या की हेच सगळं आपल्या अंगावर येतं.

माझी भाची टेक्सासमध्ये राहते, ह्यूस्टनला. तिथलं ऊन आपल्यासारखंच, घरंही उन्हाळ्याच्या हिशोबानं बांधलेली. २०२१ च्या फेब्रुवारीत तिथं बर्फाचं वादळ आलं, टेक्सासभर ४५ लाखांच्या वर घरांची लाइट गेली, आणि पाण्याचे पाइप गोठून फुटले कारण त्या पाइपांना थंडीचं संरक्षणच दिलेलं नव्हतं, गरजच काय होती म्हणा. भाची फोनवर सांगत होती, मामा, छतातून धबधबा लागलाय आणि आम्ही जॅकेट घालून बादल्या लावतोय. सरकारी हिशोबानं २४६ माणसं गेली त्या वादळात. त्यातली काही थंडीनं नाही गेली, घरात ऊब यावी म्हणून बंद गॅरेजमध्ये गाडी सुरू ठेवली, जनरेटर चालवला, त्या धुरानं गेली.

आपले पाइप काही गोठत नाहीत. पण धुराची गोष्ट आपली पण आहे हो. पाऊस पडून गेला, गार हवा सुटली, लाइन गेली, हीटर बंद, की आजी म्हणते कोळशाची शेगडी आत घ्या. घेतात, आणि वरून दार-खिडकी लावतात, फटीत चादर कोंबतात. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना रंग ना वास, आणि रक्तात ऑक्सिजनची जागा तो इतक्या जोरात पकडतो की माणूस झोपेतच जातो, खोकलासुद्धा येत नाही. बाथरूममधल्या गॅस गिझरचं तेच, झरोका बंद करून अर्धा तास आंघोळ करणारे आमच्या गल्लीतच दोन-तीन आहेत. डोकं जड झालं, मळमळलं, गरगरलं तर ते पित्त समजून पडून नका राहू बाप्पा, सरळ बाहेर मोकळ्या हवेत या आणि १०८ लावा. शेगडीवर अंगणात शेका, आत आणू नका, आजी रागावली तरी चालेल.

आता गारा पडतात काहून, ते थोडक्यात. हिवाळ्यात पश्चिमेकडून वरच्या वर थंड हवा येते, पश्चिमी झंझावात म्हणतात त्याला, आणि खालून बंगालच्या उपसागराकडून ओली हवा येते. दोघींची गाठ पडली की ढग उंच चढतो, वर पाणी गोठतं, आणि दुपारनंतर कधीतरी तडातड सुरू होतं.

सगळ्यात मोठी भानगड टिनाची. आपल्याकडे टिन उडू नये म्हणून वर विटा ठेवायची पद्धत आहे, कोणी फरशीचे तुकडे ठेवतं, कोणी जुना टायर. वारा टिनावरून जातो तसा खालूनही शिरतो आणि पत्रा वर ओढतो, तिथं तीन किलोची वीट काय करणार, ती फक्त पत्र्यासोबत शेजाऱ्याच्या अंगणात जाते. आमच्या मागच्या घरची वीट एकदा आमच्या तुळशीवृंदावनावर आली होती, माणूस नव्हता तिथं म्हणून नशीब. पत्रा धरतात ते हूकबोल्ट. त्यांच्या खालचे रबरी वायसर उन्हानं कडक होऊन फुटतात, मग बोल्ट ढिला पडतो. मिस्त्रीला बोलवून कडेचे बोल्ट आधी कसून घ्या, कारण वारा कडेपासूनच सुरुवात करतो. आणि उजेडासाठी लावलेला फायबरचा पत्रा दोन-चार उन्हाळे झाले की पापडासारखा होतो, गारेनं आरपार भोक पडतं, खाली पलंग असेल तर सरकवून ठेवा.

छतावरचा पाइप बघा, कडुलिंबाची पानं तोंडाशी अडकलेली असतात. वरून गारांचा ढीग तिथंच साचतो आणि पाणी मग जिन्यातून घरात. जाळी लावा नाहीतर झाडून तरी घ्या. सोलर गिझरच्या काचेच्या नळ्या मोठ्या गारेनं फुटतात, त्याच्यावर थोडं अंतर सोडून तारेची जाळी बसवता येते. सोलर पॅनलचं मात्र एवढं टेन्शन नको, त्याची काच २५ मिलिमीटरच्या बर्फाच्या गोळ्यानं तपासलेली असते, लिंबाएवढी गार आली तर गोष्ट वेगळी.

बाकी टॉर्च, पॉवरबँक चार्ज, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी, दम्यावाल्यांचा पंप हाताशी, मोटर चालणार नाही म्हणून दोन बादल्या पाणी भरलेलं, हे तुम्हाला माहीत आहे. ढग काळा दिसला की टीव्ही-फ्रिजचे प्लग काढा, विजा सुरू झाल्यावर नाही, आधीच.

गाडी झाकायला मात्र गारांत धावू नका. आमचे एक शेजारी जुनी गोधडी घेऊन धावले, गाडी वाचली आणि टाळूवर टेंगूळ आलं, गाडीचा विमा होता, टाळूचा नव्हता. गोधडी आधीच टाकून ठेवायची, दोरीनं बांधून.

आणि पोरं. ती तर गारा वेचायला डबे घेऊन पळतातच, आपणही पळायचो, गार तोंडात टाकायची मजाच वेगळी. पण वीज चमकल्यावर आकडे मोजा, तीन सेकंदाला साधारण एक किलोमीटर, तिसाच्या आत गडगडलं तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे पोरं घरात. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या. तोवर त्यांना डब्यासकट आतल्या खोलीत बसवा, छताच्या कोपऱ्यात सावलीला साचलेल्या गारा अर्ध्या तासात काही सगळ्या वितळून जात नाहीत.