मोहरीत मेथी पेरताय? मग ती काढायची कधी, ते आधी ठरवा

नमस्कार मंडळी. त्या रीलनं डोकं खाल्लंय माझं. फ्रान्समधला कोण एक शेतकरी, मोहरीसारखं पीक, आणि ओळींच्या मधे दुसरंच काहीतरी हिरवंगार माजलेलं, त्यानं म्हणे कीडच संपली. तेव्हापासून निपाणी म्हणू नका, खानापूर म्हणू नका, सगळ्यांचा एकच प्रश्न: "दादा, आमच्या मोहरीत काय पेरू?" चला, आज एकदाचं सांगून टाकतो.

पेरणीचं झटपट उरकतो, तुम्हाला ठाऊकच आहे. वापसा आला, म्हणजे चिखल जाऊन जमीन पेरण्याजोगी ओलसर झाली, की पेरा, ऑक्टोबरचा मध्य धरा. दोन ओळींत दीड फूट, एकरी दोन किलो बी पुरे. १५-२० दिवसांनी विरळणी, रोपारोपात अर्धा फूट. विरळणीची रोपं बांधावर टाकू नका, भाजी झकास होते. झालं. पुढं.

आता ते रीलमधलं पीक. त्याला रेप म्हणतात, आपल्या मोहरीचं भावंड, कॅनोला त्यातलाच. तिकडं ते ऑगस्टमध्ये पेरतात आणि पुढच्या जुलैत काढतात. त्यांना छळतो तो एक बारीक, टुणकन उडणारा भुंगेरा. मोठा झालेला भुंगेरा कोवळ्या पानांची चाळण करतो, आणि अळी देठातून खोडात शिरते. पूर्वी बी औषध लावूनच यायचं: इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम, आपल्या दुकानात मिळतात तीच. मधमाश्यांना धोका म्हणून युरोपीय संघानं २०१३ मध्ये त्यांच्यावर बंधनं आणली आणि २०१८ मध्ये उघड्या रानात बंदीच घातली. मग तिकडच्या लोकांनी रेपच्या जोडीला बाकला (एक शेंगेचं पीक), बरसीम (चाऱ्याचं गवतवजा पीक), कुट्टू (ज्याचं उपवासाचं पीठ होतं) पेरायला घेतलं. आणि ऐका, मेथी आणि मसूरसुद्धा! गर्दीत भुंगेऱ्याला रेपचं रोप नीट हुडकता येत नाही, शिवाय शेंगवर्गातली पिकं जमिनीत नत्र धरतात. भुंगेरा कमी होतो, संपत नाही. रीलवाला "संपला" म्हणतो, ते त्याचं त्याला लखलाभ.

म्हणजे मेथी पेरायला हरकत नाही. मोहरीच्या दोन ओळींच्या मधे मेथीची एक ओळ, त्याच दिवशी. एवढं ऐकून अर्धे लोक व्हिडिओ बंद करतात आणि जानेवारीत फोटो पाठवतात: "दादा, मोहरी बारीक का राहिली?"

अहो, मेथी काढली कधी?

तिकडं थंडीत पाणी गोठतं. बाकला, कुट्टू गोठून आपोआप मरतात, कुजतात, आणि रेपला त्यानंतरही वाढायला कितीतरी महिने मिळतात. शेतकऱ्याला हात लावावा लागत नाही. आपल्या बेळगावची थंडी बोचरी आहे, सकाळी शेकोटी लागते, मान्य. पण रानात बर्फ पडतोय का? मेथी काही मरत नाही. ती काढायचं काम थंडी करणार नाही, तुम्हाला करायचंय.

दुसरं, दिवस मोजा की. आपली मोहरी साडेतीन-चार महिन्यांत घरात येते. ४०-५० दिवसांत फुलावर. मेथी भाजीला येते २५-३० दिवसांत. म्हणजे मेथीला मुदत महिन्याची, त्यावर एक आठवडा म्हणजे फार झालं. मेथी म्हणजे गणपती समजा: बसवायच्या दिवशीच विसर्जनाचा दिवस ठरलेला पाहिजे.

आमच्या शेजारच्या मळ्यातले काका. मेथीचा दर पडला म्हणून म्हणाले, राहू दे आठ दिवस, चढेल. दर चढला नाही. मेथीला फूल आलं, शेंगा धरल्या. मी बघायला गेलो तर मेथीच्या ओळीत पाय ठेवायला जागा नाही, आणि मोहरी कशी, तर बोटाएवढं खोड, खालची पानं पिवळी, फांदी एखाददुसरीच. काळं रान, परतीचा पाऊस संपला की वरून थेंब नाही. जमिनीत आहे तेवढ्या ओलीवर सगळा संसार. त्यात मेथी रोज पाणी ओढणार, तर मोहरीला काय राहणार? दराची वाट बघायची तर मेथीचा वेगळा वाफा करा, मोहरीत नको.

आणि काढायची कशी, हे कोणी विचारतच नाही. (हातात मेथीचं रोप) हे बघा, मुळावर बारीक गाठी दिसतात? नखानं एक फोडली तर आत गुलाबी. गुलाबी म्हणजे नत्राचं काम चालू आहे. ही मुळं जमिनीत राहिली तर फायदा मोहरीचा. म्हणून विळ्यानं जमिनीलगत कापा, उपटू नका. पण बाजारात पेंडी मुळासकट लागते! व्यापारी कापलेली मेथी हातात धरत नाही. मग काय करायचं? विकायची असेल तर ओल असताना, २५ दिवसांच्या सुमारासच उपटा. रान सुकून कडक झालं की मेथीबरोबर मोहरीचीही मुळं हलतात. घरात खायची नाहीतर जनावरांना टाकायची असेल तर कापा. दोन्ही हवं म्हणाल तर होत नाही, बाबांनो.

एक कमेंट होती, "आमच्या वडगाव-येळ्ळूर शिवारात भात निघालं की मसुरीत मोहरी असतेच, तुम्ही नवीन काय सांगताय?" खरंय. पण तिथं दोन्ही पिकं शेवटपर्यंत राहतात, दोन्हींचा पैसा करता, म्हणून मोहरी विरळ ठेवता. ते आंतरपीक. इथं मेथी मोहरीसाठी पेरलीय, मधेच जाणार. दोघांचा हिशेब वेगळा.

कोबीत मोहरी लावू का विचारणारे दादा, तुमचं उलटं. तुमच्याकडं मोहरीच सापळा. कोबीच्या २५ ओळींना मोहरीच्या दोन ओळी: एक कोबी लावायच्या १५ दिवस आधी, दुसरी लावल्यावर २५ दिवसांनी. चौकोनी ठिपक्यांचा पतंग, ज्याची अळी कोबी खाते, तो मोहरीवर अंडी घालतो, फवारणी तिथंच करायची. आणि म्हणूनच मोहरीच्या जोडीला कोबी, फ्लॉवर, मुळा पेरू नका. सगळं एकच खानदान, कीड पण तीच.

"झेंडू लावला तर मावा पळतो का?" नाही. टोमॅटोत झेंडू लावतात तो फळ पोखरणाऱ्या अळीसाठी. मावा म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, तिला झेंडूचं काही पडलेलं नाही. मावा येतो ढगाळ हवेत, डिसेंबर-जानेवारीत, आणि उशिरा पेरलेल्या मोहरीवर जास्त. त्यासाठी बांधाला कोथिंबीर टाका आणि ती फुलू द्या. कोथिंबिरीच्या फुलावर मावा खाणारे किडे जमतात. ही मात्र काढायची नाही! बांधावर आहे, ओळीत नाही, राहू दे. मावा दिसला की आधी शेंडे खुडा, मग पाच टक्के निंबोळी अर्क. आणि फुलात मोहरी असताना सकाळी पंप पाठीला लावू नका, मधमाश्या तेव्हाच कामाला असतात. संध्याकाळी फवारा.

"अण्णा, कन्नडमध्ये पण सांगा की." सांगतो. पलीकडच्या बांधावरचे आमचे मित्र माझ्यापेक्षा चांगलं बोलतात, त्यांनाच कॅमेऱ्यापुढं उभं करतो. तोवर ज्यांची मेथी महिन्याची झालीय, त्यांनी कमेंट लिहीत बसू नका. विळा घ्या.