'द सिग्नलमन': न वाजलेली घंटा

"ए, खाली कोण आहे?"

खोल खणलेल्या रेल्वेमार्गाच्या वरच्या काठावरून एक प्रवासी हाक मारतो. खाली रुळांशेजारी सिग्नलमन उभा आहे. वरून हाक आली की कुणीही मान वर करेल. हा माणूस वर बघतच नाही. वळतो आणि बोगद्याच्या काळ्या तोंडाकडे बघतो.

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय बीबीसीच्या 'द सिग्नलमन'बद्दल. डिसेंबर १९७६ मध्ये, ऐन नाताळच्या तोंडावर दाखवलेली ही टेलिफिल्म. मूळ कथा चार्ल्स डिकन्सची, १८६६ सालची. दिग्दर्शक लॉरेन्स गॉर्डन क्लार्क, पटकथा अँड्र्यू डेव्हिसची. जेमतेम चाळीस मिनिटांचा मामला. मी शेवटही सांगणार आहे, तेव्हा पाहिली नसेल तर आधी पाहून या, मी थांबतो.

या गोष्टीतली भीती नोकरीची आहे. बोगद्याच्या तोंडाशी, लाल दिव्याखाली एक आकृती दिसते. एक हात चेहऱ्यावर, दुसरा जोरजोरात हलतोय. पहिल्यांदा दिसली, काही तासांत बोगद्यात भीषण अपघात. पुन्हा दिसली, चालत्या गाडीतल्या तरुण नववधूचा मृत्यू. आता ती परत दिसू लागलीय. सिग्नलमनने करायचं काय? 'धोका' अशी तार केली, तर पुढचं स्टेशन विचारणार, कुठे? कसला? याच्याकडे उत्तर नाही. उलट वेडा ठरवून कामावरून काढतील.

डिकन्सला हे कुठून सुचलं असेल? १८६१ साली ब्रायटन मार्गावर क्लेटन बोगद्यात २३ माणसं गेली. सिग्नलमनचा लाल बावटा दुसऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला आत शिरता शिरता दिसला, म्हणून तो आत थांबला आणि गाडी मागे आणू लागला. इकडे सिग्नलमनने तारेवर विचारलं, बोगदा मोकळा आहे का? पलीकडून पहिल्या गाडीबद्दल उत्तर आलं, मोकळा. त्याने तिसरी गाडी सोडली.

आणि ९ जून १८६५ ला स्टेपलहर्स्टला डिकन्स स्वतः गाडीत होता. पुलावरचे रूळ दुरुस्तीसाठी काढलेले. बावटेवाला हजार यार्डांवर उभा असायला हवा होता, होता साधारण साडेपाचशेवर. ड्रायव्हरला बावटा दिसला, पण गाडी थांबेना. १० जण दगावले. डिकन्सने आपल्या टोपीतून जखमींना पाणी पाजलं. पुढे आयुष्यभर त्याला रेल्वेप्रवासाची धास्ती होती. म्हणून मला वाटतं, त्याचं भूत म्हणजे असाच एक बावटा आहे. इशारा देतं, पण पुरेसा देत नाही.

टेलिफिल्मला हे नेमकं कळलंय, आणि ते मोठं श्रेय सिग्नलमन साकारणाऱ्या डेनहोम एलियटचं. केबिनमध्ये शेकोटी पेटलेली, पाहुण्याशी छान गप्पा चाललेल्या. वाक्याच्या मध्येच त्याचे डोळे गाड्यांची सूचना देणाऱ्या घंटेकडे जातात. पाहुण्याला काहीच ऐकू आलेलं नाही. आपल्याला मात्र एक बारीक, थरथरता नाद ऐकू येतो. हेडफोन लावूनच बघा हा प्रसंग. चित्रीकरण सेव्हर्न व्हॅली रेल्वेवर झालंय, खऱ्या वाफेच्या इंजिनांसह, त्यामुळे ओल, धूर, गारठा सगळं अंगावर येतं.

एकच गोष्ट मला खटकते. शेवटी भुताचा चेहरा दाखवलाय. गरज नव्हती. लाल दिवा आणि तो हात पुरेसा होता.

कारण खरा धक्का त्यानंतर आहे. सिग्नलमन गाडीखाली गेलाय. प्रवासी धावत खाली पोचतो. इंजिन ड्रायव्हर सांगतो, मी ओरडलो, बाजूला हो म्हणालो, त्याला ऐकूच गेलं नाही. पुढचं बघवेना म्हणून एक हात डोळ्यांवर धरला, आणि दुसरा शेवटपर्यंत हलवत राहिलो.

आणि तो हात कसा हलवला, ते करून दाखवतो.