स्कॅनचं इंजेक्शन आणि बाल्टिकचं पाणी

श्रोतेहो, नमस्कार. सीटी स्कॅनमध्ये रक्तवाहिन्या आणि अवयव ठळक दिसावेत म्हणून शिरेतून आयोडीनचं औषध देतात तेव्हा अंगातून गरम लाट जाते, लघवी झाल्यासारखं वाटतं. घाबरू नका, मिनिटभरात ओसरतं. पूर्वी एवढ्यावर भागत नसे. असंच औषध धमनीत सोडून पायाच्या धमन्यांचा एक्स-रे काढताना पेशंट अक्षरशः कळवळत.

स्वीडनमधले रेडिओलॉजिस्ट टोरस्टेन आल्मेन हे बघत होते. पाण्यात डोळे उघडे ठेवून पोहताना त्यांच्या लक्षात आलं, की पश्चिम किनाऱ्याचं पाणी डोळ्यांना झोंबतं, बाल्टिकचं झोंबत नाही. का बरं? बाल्टिकचा खारटपणा कमी, जवळपास आपल्या अश्रूंइतकाच. मग धमन्यांचंही तेच होत असणार! जुन्या औषधात विरघळलेल्या कणांची गर्दी रक्ताच्या पाच-सात पट. ती पेशींतलं पाणी खेचून घ्यायची. ते औषध म्हणजे क्षार. विरघळला की त्याचे दोन कण व्हायचे. आयोडीन एकावरच, दुसरा फुकटचा गर्दी करणारा. आल्मेन म्हणाले, फुटणारच नाही असा रेणू बनवा. आयोडीन तेवढंच, कण निम्मे! १९६९ साली त्यांनी हा विचार छापला, नॉर्वेच्या एका कंपनीनं तो मनावर घेतला. आज स्कॅनला वापरतात ते आयोहेक्सॉल नावाचं औषध त्याच वाटेनं आलं.

आता कामाचं. टेबलावर झोपण्याआधी तीन गोष्टी सांगा: याच इंजेक्शनची जुनी रिअ‍ॅक्शन, किडनीचा आजार, मधुमेहावरची मेटफॉर्मिनची गोळी. ईजीएफआर, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणारा रक्ततपासणीतला आकडा, ३०च्या खाली असेल तर मेटफॉर्मिन थांबवतात आणि ४८ तासांनी क्रिएटिनिन ही किडनीची रक्ततपासणी बघून मगच सुरू करतात. किडनी चांगली असेल तर सहसा थांबवावी लागत नाही. तेव्हा आपल्या मनानं बंद करू नका. पुन्हा सांगतो: जुनी रिअ‍ॅक्शन, किडनी, मेटफॉर्मिन.

कोळंबीची अ‍ॅलर्जी? ती कोळंबीतल्या प्रथिनाची, आयोडीनचा तिच्याशी संबंध नाही. स्कॅनआधीच्या फॉर्मवर या अ‍ॅलर्जीचा प्रश्न असतो, तो एकदाचा खोडून टाकावा, असं माझं ठाम मत.

काही स्कॅनमध्ये औषध सेकंदाला चार-पाच मिली वेगानं जातं. म्हणून कोपराजवळची जाड शीर आणि २० गेज जाडीची कॅन्युला, म्हणजे शिरेत बसवलेली बारीक नळी. तिथे आग झाली, फुगलं, तर लगेच ओरडून सांगा. औषध शिरेबाहेर जातंय. लाजू नका, मशीन थांबवता येतं.

नंतर अर्धा तास तिथेच बसा, कॅन्युलासकट. गंभीर रिअ‍ॅक्शन बहुधा पहिल्या वीस मिनिटांत येते. तेव्हा मोठ्या माणसाला मांडीच्या स्नायूत अर्धा मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनॅलिन हे जीव वाचवणारं इंजेक्शन द्यावं लागतं, आणि ते घरी नसतं. पुरळ मात्र आठवडाभरात कधीही उठू शकतं. उठलं तर औषधाचं नाव लिहून घ्या आणि पुढच्या स्कॅनला दाखवा.