बातमीदारी शिकायला परदेशी जाताना

नमस्कार श्रोतेहो.

इंदूरच्या मराठी घरांतली मुलं परदेशी शिकायला जातात, यात आता नवल राहिलेलं नाही. कॉम्प्युटर, एमबीए, फार्मसी हे ठरलेलं. पण हल्ली अधूनमधून एखादी मुलगी म्हणते, मला इंग्लंडला जाऊन पत्रकारितेत एम.ए. करायचंय. मग आई-बाबा माझ्यासारख्या, उभी हयात हिंदी दैनिकाच्या डेस्कवर काढलेल्या माणसाला गाठतात. "दादा, तुम्ही त्या लाईनीतले. याला तिकडे स्कोप आहे का हो?"

नोकरीचं विचाराल तर फार कमी. हे आधीच सांगून टाकतो, कारण अॅडमिशनचा एजंट ते सांगणार नाही. इंजिनियरचं गणित इथल्या पिथमपूरच्या कारखान्यांत आणि मँचेस्टरला सारखंच असतं. बातमीदाराला मात्र गाव ठाऊक लागतं, कायदा ठाऊक लागतो, कुठला नगरसेवक कुणाच्या गटातला हेही ठाऊक लागतं. तिथल्या पोरांना यातलं निम्मं घरबसल्या मिळालेलं असतं. त्यात व्हिसाची भर. अभ्यासक्रम संपल्यावर सध्या दोन वर्षं राहता येतं. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीडच वर्ष मिळणार आहे. पुढे नोकरीचा व्हिसा हवा तर पगार साधारणपणे वर्षाला ४१,७०० पौंड असावा लागतो. नवख्यांना सवलत मिळाली तरी ३३,४००. तिथल्या गावच्या पेपरात शिकाऊ बातमीदाराला एवढा पगार कोण देतो?

आणखी एक नियम आहे, तो तर बहुतेकांना तिथे पोचल्यावरच कळतो. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला वीस तास काम करता येतं, पण स्वतंत्र व्यवसाय करता येत नाही. फ्रीलान्सिंग त्यातच मोडतं. म्हणजे सुपरमार्केटात फळ्यांवर माल लावून पैसे मिळवले तर चालतं, मानधन घेऊन लेख दिला तर चालत नाही! यूट्यूब चॅनेलवरची कमाईसुद्धा याच कचाट्यात सापडू शकते. पत्रकारितेच्या विद्यार्थ्याचे हातच बांधले की हो. यातून वाट एकच, अभ्यासक्रमाचाच भाग असलेली उमेदवारी, म्हणजे इंटर्नशिप. ती या वीस तासांत धरत नाहीत. म्हणून फी भरण्याआधी विद्यापीठाला लेखी विचारा, न्यूजरूममधली उमेदवारी अभ्यासक्रमात आहे का, आणि ती तुम्ही मिळवून देता की आमची आम्ही शोधायची? उत्तर गोलगोल आलं तर समजून जा.

मग जायचंच कशाला? माझं मत असं की जावं, पण हात तयार करायला जावं. तिथे बसायचा विचार मनात ठेवून पत्रकारिता निवडू नये.

हात कसा तयार होतो ते सांगतो. तिथल्या कितीतरी अभ्यासक्रमांत अजून शॉर्टहँड शिकवतात, टीलाइन नावाचं. मिनिटाला शंभर शब्दांचं लक्ष्य असतं. स्वर गाळायचे, अक्षरांचे फराटे ओढायचे. होळकरी दफ्तरातला घाईचा मोडी कागद पाहिला असेल तर डोळ्यांसमोर येईल. मोबाइलच्या काळात हे कशाला? तर तिथल्या कोर्टात परवानगीवाचून आवाज रेकॉर्ड करणं हा १९८१च्या कायद्यानं न्यायालयाचा अवमान ठरतो. बातमीदाराच्या हाती उरते वही. शिवाय खटला चालू असताना आरोपीनंच गुन्हा केला असं सूचित होईल असं काही छापलं, तर संपादक गोत्यात येतो. आपल्याकडे संध्याकाळी टीव्ही लावला की नऊ वाजेपर्यंत निकाल लागलेला असतो, त्यामुळे या मुलांना पहिले काही आठवडे फार जड जातात.

इंदूरच्या लोकमान्य नगरातली एक मुलगी इंग्लंडच्या उत्तरेकडल्या एका गावात शिकून आली. तिथे प्रत्येकाला एक वस्ती नेमून देतात आणि सांगतात, इथून बातम्या आण. हिनं पहिल्यांदा आणली गुरुद्वाऱ्याच्या लंगरची, मग दिवाळीची, मग भारतीय किराणा दुकानाची. मास्तरीणबाई म्हणाल्या, आता पुरे, या वस्तीत बाकीचे लोकही राहतात. झाली पंचाईत. दारं वाजवली, कुणी धड बोलेना. शेवटी ती काउन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, बैठकीला जाऊन बसली, तर तिथे विषय कचऱ्याचा! घरचा कचरा दोन आठवड्यांतून एकदा उचलला जातो, हे ऐकून ही उडालीच. हिच्या घरापुढे रोज सकाळी गाणं वाजवत गाडी येते, आणि ओला-सुका धरून सहा प्रकारचा कचरा वेगळा द्यावा लागतो. बैठक संपल्यावर तिनं अधिकाऱ्याला गाठून विचारलं, रोज का नाही उचलत? तो आधी हसला. मग मजुरीचा खर्च, गाड्या, पुनर्वापराचं लक्ष्य, सगळं त्याला मांडावं लागलं. तिची पहिली खरी बातमी तीच. तिथल्या पोरांना हा प्रश्न पडलाच नसता, कारण ती त्याच कचऱ्यात वाढलेली!

इथे परत आल्यावर काय उपयोगी पडतं? तिथला कायदा फारसा पडत नाही. इंग्लंडमध्ये बदनामी हा आता फौजदारी गुन्हा राहिलेला नाही, आपल्याकडे भारतीय न्याय संहितेत तो आहे. ते सगळं इथे नव्यानं शिकावं लागतं. माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिण्याची सवय मात्र लगेच कामाला येते. तिथे उत्तराला कामाचे वीस दिवस, इथे तीस दिवस, एवढाच फरक. रेडिओ पत्रकारिता शिकणाऱ्यांनी जरा जपून. आपल्याकडे खासगी एफ.एम.ला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. हे रेडिओवरूनच सांगावं लागतंय, काय करणार!

इंग्रजीची तयारी हवीच, अनेक ठिकाणी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत सात किंवा साडेसात गुण मागतात. इंग्लंडच सगळं काही नाही, हेही जाता जाता सांगतो. अमेरिकेत मिसूरी विद्यापीठाची १९०८ची पत्रकारितेची शाळा आहे, तिथले विद्यार्थी शहराचं खरंखुरं वर्तमानपत्र चालवतात. युरोपात इरॅस्मस मुंडुस या युरोपीय संघाच्या योजनेतला पत्रकारितेचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, पहिलं वर्ष डेन्मार्कमध्ये आऱ्हूसला.

पण माझा आग्रह असा, की आधी दोन वर्षं इथेच काढावीत. याच शहरात 'नईदुनिया' या हिंदी दैनिकाच्या टेबलावर संपादक राहुल बारपुत्यांच्या हाताखाली राजेंद्र माथुर आणि प्रभाष जोशी हे नामवंत पत्रकार घडले. आज तसं टेबल कुठे आहे, हा वेगळा विषय. तरी महापालिकेची, कोर्टाची, एम.वाय. हॉस्पिटलची बातमी करून गेलेल्या मुलीला परदेशी वर्गात काय विचारायचं ते कळतं. यात पैशाचाही हिशोब आहे. ब्रिटिश सरकारच्या चीव्हनिंग शिष्यवृत्तीत फी आणि राहण्याचा खर्च दोन्ही मिळतात, पण त्यांना किमान २,८०० तासांचा, म्हणजे साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. आणि शिकून झाल्यावर मायदेशी परतून दोन वर्षं राहण्याची अट असते. तिचे अर्ज साधारण ऑगस्टमध्ये सुरू होतात आणि ऑक्टोबरमध्ये बंद. तेव्हा ज्यांच्या घरी हा विषय चालू आहे, त्यांनी एजंटला टोकन द्यायच्या आधी पोरीला एखाद्या डेस्कवर चिकटवून द्या, आणि कामाच्या तासांचा दाखला पहिल्या महिन्यापासून जपून ठेवायला सांगा. नमस्कार.