शिमग्याला नसणारा मुलगा

(गुहागर. पहाट. सुरूच्या बनामागे समुद्राची गाज.)

आमच्या वाडीत कुणाचा मुलगा 'बोटीवर' आहे म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही. घराघरात सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, आहे. कुणी तेलाच्या टँकरवर, कुणी मालवाहू जहाजावर, कुणी प्रवासी बोटीच्या गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात. माझा मावसभाऊही बोटीवरच आहे. पण त्याची बोट जाते तिथे बहुतेक ठिकाणी ना धक्का, ना बाजार, ना गाव. पाहायला जायचं ते पेंग्विन, सील आणि बर्फ.

तो गणपतीला घरी असतो आणि शिमग्याला नसतो. विसर्जन झालं की तो बॅग काढतो. दक्षिणेतला उन्हाळा नोव्हेंबर ते मार्च, आणि तेवढ्यातच तिकडच्या सफरी उरकाव्या लागतात. फाल्गुनात ग्रामदेवतेची पालखी मावशीच्या अंगणात नाचते, तेव्हा हा 54 अंश दक्षिणेला कुणाच्या तरी केबिनमधल्या चादरी बदलत असतो. मावशी त्याच्या नावानं देवीपुढे नारळ ठेवते, आणि रात्री फोन लागलाच तर पहिलं विचारते, "जेवलास काय रे?"

(जहाज. करडं पाणी. धुकं.)

अर्जेंटिनातल्या उश्वाया बंदरातून बोट सुटते. आधी फॉकलंड बेटं, मग दोन-अडीच दिवस नुसतं पाणी, आणि मग साउथ जॉर्जिया हे बेट. बोटीवर गरम पाण्याचा तलाव आहे, वाचनालय आहे, संध्याकाळी तज्ज्ञांची व्याख्यानं आहेत. एकेकाचं तिकीट लाखांत. पण 40 अंशांच्या खाली गेलं की वाऱ्याला अडवायला जमीन जवळपास नाहीच, तो पृथ्वीभोवती गरगरत राहतो. खलाशांनी 40 ते 50 अंशांच्या पट्ट्याला 'गर्जणारी चाळिशी' आणि त्याखालच्या, भावाच्या बोटीच्या पट्ट्याला 'खवळलेली पन्नाशी' असं नाव दिलं आहे. तिथे बोट लागायची ती सगळ्यांनाच लागते, तिकीट कितीचं का असेना.

साउथ जॉर्जिया जेमतेम 170 किलोमीटर लांब. मधोमध बर्फाचे डोंगर, आणि पायथ्याच्या मैदानांवर लाखो किंग पेंग्विन. बोट खोल पाण्यात उभी राहते आणि माणसं झोडियाक नावाच्या रबरी होड्यांतून किनाऱ्याला जातात. हे ऐकून आमचे आजोबा म्हणाले होते, "म्हणजे आपल्या कोकण बोटीसारखंच की!" त्यांच्या काळी मुंबईची आगबोट हर्णैसमोर अशीच लांब उभी राहायची आणि उतारूंना पडावातून किनाऱ्याला आणायचे. फरक एवढाच की तिकडे एका वेळी 100 पेक्षा जास्त माणसं किनाऱ्यावर उतरवत नाहीत, आणि 500 हून जास्त प्रवासी असलेल्या बोटीला माणसं उतरवायची मुभाच नाही. पेंग्विनपासून निदान 5 मीटर लांब राहायचं. 2023 मध्ये बर्ड फ्लू त्या बेटावर पोचला, तेव्हापासून तर जमिनीवर बसायचं नाही, गुडघा टेकायचा नाही, पिशवीसुद्धा खाली ठेवायची नाही.

(एक चिमटा. एक बूट. हात.)

माझ्या भावाचं त्या सफरीतलं सगळ्यात मोठं काम कुठलं? मी त्याला विचारलं, तर त्यानं खिशातून चिमटा काढून दाखवला.

उतरण्याच्या आदल्या दिवशी सगळे प्रवासी आपापली जॅकेटं, पँटी, बुटं, बॅगा घेऊन रांगेत येतात. हा आणि त्याचे सोबती खिसे उलटे करतात, शिवणींत व्हॅक्यूम फिरवतात, बुटाच्या तळाच्या खाचांतली माती टोकदार काडीनं उकरतात. सगळ्यात जास्त वेळ जातो वेल्क्रोवर. त्याच्या आकड्यांत गवताचं बी अडकून बसतं. आपल्याकडे कार्तिकात गवत वाळलं की माळावरून नुसतं चालत आलं तरी पायघोळाला कुसळं लागतात, आणि मग ओटीवर बसून एकेक काढावं लागतं. तेच काम. "लहानपणी आईनं शिकवलेलं," तो म्हणाला, "तेच तिथे करतो." एक बी, एवढंसं, पेंग्विनांच्या बेटावर रुजलं तर तिथलं मूळचं गवत हटवून पसरू शकतं. म्हणून चिमटा. म्हणून इतका वेळ. या कामाचा फोटो कुठल्याही जाहिरातीत नसतो आणि मला तर त्या सगळ्या सफरीत हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

कारण त्या बेटानं माणसाकडून काय काय सोसलंय! कॅप्टन जेम्स कुक 1775 मध्ये तिथे उतरला. सील मुबलक आहेत असं त्यानं लिहिलं, आणि त्यामागोमाग सीलची कातडी नेणारे आले. त्यांच्या जहाजांतून उंदीर उतरले. ते जमिनीवरच्या आणि बिळांतल्या घरट्यांतली अंडी-पिल्लं खात सुटले. 1904 मध्ये बेटावरच्या ग्रिटविकनला देवमाशांच्या चरबीचं तेल काढायचा कारखाना सुरू झाला, आणि 1965 पर्यंत बेटाच्या आसपास पावणेदोन लाखांहून जास्त देवमासे मारले गेले. त्या कारखान्याच्या गंजलेल्या टाक्या आजही उभ्या आहेत. जवळच्या दफनभूमीत अंटार्क्टिकाचे शोधप्रवासी शॅकल्टन आहेत. 1922 च्या जानेवारीत तिथेच, जहाजावर, त्यांचा अंत झाला. प्रवासी त्यांच्या थडग्याशी जातात. माझा भाऊ मात्र टाक्यांकडे बघत उभा राहतो. त्याचे वडील डोल जाळ्यानं मासेमारी करायचे. समुद्रातून किती घ्यावं हा प्रश्न आमच्या घरात नवा नाही.

उंदरांचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. 2011 ते 2015 या काळात हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकलं, आणि 2018 मध्ये बेट उंदीरमुक्त झाल्याचं जाहीर झालं. तिथे एक तिरचिमणी आहे, जी जगात दुसरीकडे कुठेच सापडत नाही. उंदरांमुळे ती थोड्याच जागी उरली होती. आता पुन्हा किनाऱ्यांवर तिचं गाणं ऐकू येतं.

(संध्याकाळ. जहाजाच्या खिडक्या. एकेक अंधारत जातात.)

आणि दिवस मावळला की भावाची दुसरी फेरी सुरू होते. प्रत्येक केबिनचा पडदा ओढून घ्यायचा. डेकवरचे नको असलेले दिवे बंद. बाहेरून बोट जवळजवळ काळी दिसली पाहिजे. कारण पेट्रेलसारखे समुद्रपक्षी रात्री उजेडाकडे ओढले जातात, बोटीवर आपटतात. पहाटे डेकवर सापडलेलं पाखरू पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवायचं आणि सावरलं की सोडायचं.

(वैशाख. वारा पडलेला. होड्या ओढल्या जात आहेत.)

तो समुद्र आपल्यापासून लांब आहे असं मलाही वाटायचं. पण वैशाखात कधी कधी वारा नसतो, आभाळ स्वच्छ असतं आणि तरी उंच, संथ लाटा येऊन वाळूवरच्या होड्या ओढून नेतात. हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला झालेल्या वादळातून त्या निघालेल्या असतात, आणि इथे पोचायला त्यांना काही दिवस लागतात. केरळात त्याला 'कल्लक्कडल' म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. हैदराबादचं इन्कॉइस, समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था, आता त्याचा इशारा आधी देतं.

पावसाळ्यात तिकडून पाहुणाही येतो. विल्सनचा स्टॉर्म पेट्रेल. वजन चाळीसेक ग्रॅम. साउथ जॉर्जिया, कर्गेलेन बेटं, नाहीतर थेट अंटार्क्टिकाचा किनारा, अशा कुठल्या तरी खडकाच्या फटीत एकुलतं एक अंडं वाढवून तो उत्तरेला निघतो आणि नैऋत्य मोसमी वाऱ्यांत अरबी समुद्रावर फिरत राहतो. किनाऱ्यावर सहसा येत नाही. पण आषाढात वादळ झालं की एखादा दमून वाळूवर पडतो.

(पाऊस. ओटी. एक खोकं.)

गेल्या आषाढात मावशीच्या कुंपणापाशी असाच एक सापडला. काजळासारखा काळा, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा, चोचीवर बारीक नळी. भावानं त्याचा पाय अलगद उलगडून दाखवला. बोटांमधलं कातडं पिवळं होतं. त्यानं टीव्हीचं रिकामं खोकं आणलं, तळाला कोरडा पंचा घातला, पाखरू आत ठेवलं आणि झाकण लोटलं. मुलांना ओरडू नका म्हणाला. मग दाराशी जाऊन त्यानं मावशीला हाक मारली.

"आई, ओटीवरचा दिवा घालव."

मावशीनं तो घालवला. मग विचारून न घेता पडवीतलाही घालवला, आणि अंधारातच खोक्याशी येऊन बसली.